मदत हवी आहे: समुद्रकाकडीच्या पेप्टाइडांची एसीई चाचणी, एनझाइम न घालताही रोधन येतंय

खारफुटी: रक्तदाब वाढवणाऱ्या एसीई या एनझाइमला अडवणारी पेप्टाइडं (प्रथिनांचे छोटे तुकडे) काढतोय. ताज्या गोठवलेल्या समुद्रकाकडीची कातडी, अल्कॅलेझ (प्रथिनं तोडणारं एनझाइम), पीएच ८, ५५ अंश, ४ तास. मग ९५ अंशांवर १० मिनिटं, सेंट्रिफ्यूज, ३ किलोडाल्टनचा पडदा (त्याहून मोठे रेणू अडवणारा). गाळलेल्या पाण्यात रोधन ९०%. पण एनझाइमविना ठेवलेल्या नमुन्यातही तेवढंच! वर हायड्रोलिसिस (प्रथिनं तुटण्याचं प्रमाण) जेमतेम ४%. एनझाइम ताजं आहे. लवकर सांगा, नमुने संपत आलेत.

बुडबुडा: ऑटोलिसिस. ताज्या समुद्रकाकडीत तिची स्वतःची प्रोटिएझं (प्रथिनं तोडणारी एनझाइमं) असतात, ५५ अंशांपर्यंत तापताना ती कामाला लागतात. एक नमुना मिसळल्याबरोबर ९५ वर न्या.

खारफुटी: केलंय. शून्य तासालाही ८८%.

पिपेट_५: अल्कॅलेझ सोडा. आधी पेप्सिन पीएच २ ला, मग ट्रिप्सिन पीएच ८ ला. शेवटी पोटात जाऊन टिकलं तरच उपयोग.

बुडबुडा: पिपेट, एनझाइम न घालताच रोधन येतंय, तिथे एनझाइम बदलून काय होणार? सॅपोनिन (समुद्रकाकडीतला साबणासारखा पदार्थ) काढलंत का? ते हजार-दीड हजार डाल्टनचं, ३ किलोच्या पडद्यातून सहज जातं.

आरोग्यमार्ग: रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर समुद्रकाकडीची पावडर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. तिच्यातलं फ्युकोसिलेटेड कॉन्ड्रॉयटिन सल्फेट रक्त गोठू देत नाही.

पिपेट_५: बरोबर, पण तो रेणू मोठा आहे, पडद्याच्या वरच राहतो. इथे तो प्रश्न नाही.

झिंक३०: कातडी कशात भिजवली?

खारफुटी: नेहमीचंच. ट्रिस (पीएच स्थिर ठेवणारं) आणि ईडीटीए (धातू पकडणारं रसायन), रात्रभर. मग एकदा पाण्यानं धुतली.

झिंक३०: हे आधी लिहायला हवं होतं. एसीईच्या सक्रिय जागी जस्त असतं, ईडीटीए ते ओढून घेतं. तुम्ही मोजताय ते ईडीटीएचं रोधन. रेणू जेमतेम २९२ डाल्टनचा, पडदा त्याला अडवणार नाही. कातडी स्पंजासारखी फुगते, एका धुण्यात तो निघत नाही. अल्कॅलेझला टिकायला कॅल्शियम लागतं, तेही ईडीटीए पळवतं; ५५ अंशांवर एनझाइम लवकर मरतं. तुमचे ४% बहुधा त्यामुळेच. खात्री करायची तर कातडी न घालता नुसतं भिजवण्याचं द्रावण तेवढंच पातळ करून पडद्यातून काढा आणि चाचणी लावा.

खारफुटी: लावली. ८६%. आता आहेत त्या नमुन्यांचं डायलिसिस (पडद्याच्या पिशवीतून छोटे रेणू पाण्यात सोडणं) करू?

झिंक३०: नको! हायड्रोलिसिसनंतर डायलिसिस केलंत तर छोटी पेप्टाइडंही पाण्यात जातील, आणि एसीईला अडवण्यात दोन-तीन अमिनो आम्लांची पेप्टाइडंच बऱ्याचदा सरस ठरतात. डायलिसिस एनझाइम घालण्यापूर्वी: ४ अंशांवर, ऊर्ध्वपातित पाणी तीनदा बदलून. मग अल्कॅलेझ. एनझाइमविना नमुना आणि तुलनेला कॅप्टोप्रिल (एसीई अडवणारं औषध) प्रत्येक फेरीत ठेवा.

बुडबुडा: आणि पीएच धरायला घातलेलं सोडियम हायड्रॉक्साइड नंतर हायड्रोक्लोरिक आम्लानं उदासीन केलंत तर तयार होणारं मीठही मोजा. एसीईचा वेग क्लोराइडवर बदलतो, सगळ्या नळ्यांत ते सारखंच हवं.

खारफुटी: म्हणजे आधीचे नमुने गेले?

झिंक३०: या चाचणीपुरते, हो. नवी कातडी भिजवा.