मेणबत्ती लावायची की पेटवायची? विझवायची की मालवायची?

परवा भाचा म्हणाला, "मावशी, लाइट गेली, मेणबत्ती पेटव." वाक्यात चूक काही नाही, तरी कानाला खटकलं. आमच्याकडे चूल पेटवतात, काडी पेटवतात. दिवा लावतात, आणि मेणबत्तीही लावायचीच.

घर हर्णैजवळ. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं, माडपोफळी आडव्या झाल्या, पडवीची कौलं उडाली आणि आमच्या वाडीत वीज यायला पंधरवडा लागला. रोज तिन्हीसांजेला आजी एकच मेणबत्ती काढायची. वाटी उपडी घालायची, तिच्यावर मेणाचे चार थेंब पाडायचे, ते थिजायच्या आत बुडखा दाबून धरायचा. वारा आला की ज्योत आडवी व्हायची, आणि बोलता बोलता आजीचा तळहात आपसूक आड यायचा. उजेड कसला, वाटीभोवती वीतभर. मी म्हटलं, याने दिसतंय काय? तर म्हणाली, "असू दे गो, सोबत होते."

हा 'सोबत' शब्द मला फार मोलाचा वाटतो. रात्री वाडीतून निघालेल्याला आपण अजूनही "सोबतीला बॅटरी घेऊन जा" म्हणतो. सोबत खरं तर माणसाची. ती आपण उजेडालाही देऊन टाकली आहे. त्या पंधरा दिवसांत मला धीर आला तो त्या वीतभर सोबतीचा.

निजताना मी फुंकर मारायला वाकले की आजी म्हणायची, "मालव ती, विझवू नको." फुंकर तीच, शब्द वेगळा. आग विझवतात, निखारा विझतो. समई मालवतात, तीही फुंकरीने नव्हे, फुलाने. माणूस गेल्याच्या बातमीतही 'प्राणज्योत मालवली' असंच छापून येतं. वाढदिवसाच्या केकवरच्या मेणबत्त्या फुंकून विझवणं आजीला कधीच रुचलं नाही.

व्युत्पत्तीचं थोडक्यात: मेण हे संस्कृत 'मदन', प्राकृत 'मयण' यांवरून आलेलं. संस्कृत 'वर्ति'ची मराठीत वात झाली, हिंदीत बत्ती. म्हणजे मेणबत्तीत मेण घरचं आणि बत्ती हिंदीकडून. गोव्याकडे कोकणीत 'मेणवात' म्हणतात. मला तो शब्द जास्त जवळचा वाटतो. वात म्हटलं की ती वळणारे हात डोळ्यांसमोर येतात.

तुमच्याकडे काय म्हणतात?

वसईहून: आम्ही ख्रिस्ती. 2 नोव्हेंबरला मृतांच्या स्मरणदिनी कबरींवर मेणबत्त्या लावतो. लावतोच, पेटवतो ती काडी. आणि त्या मालवत नाही, विझवतही नाही. जळून संपेपर्यंत तशाच राहू देतो. माझी आई एक लावून झाली की शेजारच्या, कुणीच न आलेल्या कबरीवरही एक लावते.

कुडाळहून: 'पेटवणे' अगदीच परकं नाही हो. दशावताराला गॅसबत्ती असायची, ती पेटवायचीच. पंप मारा, मेंटल सांभाळा. ज्याला खटपट पडते ते पेटवायचं, असं असेल का?

हर्णैहून: गॅसबत्तीचं पटलं. खटपटीचा मुद्दा माझ्या ध्यानातच आला नव्हता. वसईच्या ताई, तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा. त्या शेजारच्या कबरीवरच्या मेणबत्तीला मी 'सोबत'च म्हणेन. आणखी एक विचारायचं राहिलं: मेण ओघळून खाली जो थर साचतो, त्याला तुमच्या गावात वेगळा शब्द आहे का? आजी तो खरवडून डब्यात ठेवायची, पण त्याला नुसतं 'मेण'च म्हणायची.