मुंबई हायवर सगळे एकत्र काम कसं करतील, प्रत्येकाला पैसे वेगळ्याच गोष्टीचे मिळतात

उरणचा प्लॅनर
सरकारी तेलकंपनी ओएनजीसीनं जानेवारी २०२५ मध्ये मुंबई हाय या अरबी समुद्रातल्या तेलक्षेत्रासाठी ब्रिटिश तेलकंपनी बीपीला तांत्रिक सेवा पुरवठादार नेमलं. त्या करारातली एक गोष्ट मला मनापासून पटली. पहिली दोन वर्षं ठरलेली फी, पुढे वाढीव उत्पादनाच्या उत्पन्नात वाटा. म्हणजे तेल वाढलं तर पैसे वाढणार. मग हाच न्याय बोटवाल्याला, क्रेनवाल्याला, स्कॅफोल्डिंगवाल्याला का नाही?

हे क्षेत्र १९७४ मध्ये सापडलं, मे १९७६ मध्ये तेल सुरू झालं. १९८५ मध्ये दिवसाला ४ लाख ७१ हजार बॅरल निघत होतं, २०२४ मध्ये ते १ लाख ३४ हजारांच्या आसपास आलं. जुन्या क्षेत्रात एकेक दिवस मोलाचा, आणि तो आपण कसा घालवतो ते मी डोळ्यांनी पाहिलंय.

दुरुस्तीसाठी उत्पादन बंद ठेवायचा एक शटडाऊन नऊ दिवसांचा ठरला होता. आमचे व्हॉल्व्ह घेऊन बोट पहाटे न्हाव्याच्या तळावरून प्लॅटफॉर्मपाशी पोचली. क्रेन रंगकामवाल्यांकडे होती आणि आमचं सामान उचलणं त्या दिवशीच्या परमिटात, म्हणजे कामाच्या परवान्यात, नव्हतं. बोट अर्धा किलोमीटरवर डुलत उभी. साडेतीनला क्रेन मोकळी झाली, तोवर लाटा चढल्या आणि लिफ्टिंग बंद. आठ फिटर दिवसभर चहाच्या खोलीत बसून. त्याच दिवशी त्याच प्लॅटफॉर्मला तीन बोटी आल्या, त्यातली एक रंगाचे चौदा ड्रम घेऊन! एकीतच भागलं असतं, उरलेल्या दोन फुकट उभ्या.

यात कुणी कामचुकार नव्हतं. बोटीला दिवसाचं भाडं, फिटरांच्या कंत्राटदाराला माणशी रोज, रंगवाल्याला चौरस मीटरचे पैसे. जो तो आपलं कंत्राट इमानानं पाळत होता, दिवस मात्र तेलाचा गेला.

उत्तर समुद्रात नव्वदच्या दशकात बीपीनं अँड्र्यू क्षेत्र उभारलं, तेव्हा सात कंत्राटदार आणि कंपनी एकाच करारात आले. लक्ष्य ३७ कोटी ३० लाख पौंडांचं. कमी लागले तर बचत सगळ्यांत वाटायची, जास्त लागले तर तोटाही. काम सुमारे २९ कोटींत झालं आणि १९९६ मध्ये तेल सहा महिने आधी आलं. माणसं तीच होती, फक्त पैशाची दिशा बदलली.

निविदा आणि नियम
प्लॅनरसाहेब, हळहळ समजते, पण अँड्र्यूचं उदाहरण इथे लागू करू नका. तो खाजगी कंपनीचा पैसा होता. सार्वजनिक कंपनीतल्या अधिकाऱ्यानं बचत वाटायची म्हटली की पहिला प्रश्न येतो, मुळातलं लक्ष्य कुणी ठरवलं? ते फुगवून ठेवलं असेल तर वाटलेली बचत ही बचत नव्हेच. सात वर्षांनी फाइल उघडते, तोवर सही करणारा निवृत्त झालेला असतो आणि चौकशीला तोच जातो. सगळ्यात कमी दराला काम द्यायच्या एल-वन पद्धतीत खोट आहे, मान्य. पण ती निदान शंकेच्या पलीकडची आहे.

आणि भागीदारीचं एवढं कौतुक, तर पन्ना-मुक्ता-ताप्ती ही तेल-वायू क्षेत्रं आठवा. ओएनजीसी ४० टक्के, रिलायन्स ३०, ब्रिटनची बीजी ३०. खर्च किती वसूल करायचा आणि नफ्यात सरकारचा वाटा किती, यावर २०१० मध्ये लवाद सुरू झाला आणि वर्षानुवर्षं चालला. हिशेब एकत्र केला की भांडणही एकत्र येतं.

डेक फोरमन
मी पैशाचं बोलत नाही, हुकमाचं बोलतो. मेक्सिकोच्या आखातातल्या डीपवॉटर होरायझन रिगचा स्फोट आठवा, एप्रिल २०१०. विहीर बीपीची, रिग ट्रान्सओशनची, सिमेंट हॅलिबर्टनचं. काम एकत्रच चाललं होतं की! दाबाच्या चाचणीचे आकडे जुळत नव्हते, तरी 'थांबा' कुणी म्हटलं नाही. ११ माणसं गेली.

आपल्याकडे २७ जुलै २००५. जहाजावरच्या स्वयंपाक्याची बोटं कापली, त्याला उपचारासाठी मुंबई हाय नॉर्थ प्लॅटफॉर्मवर चढवायचं होतं. वाऱ्याच्या आडोशाची क्रेन बंद, म्हणून जहाज वाऱ्याच्या बाजूनं जवळ आलं, रायझरला, म्हणजे तेल-वायूच्या उभ्या पाइपला, धडकलं. दोन तासांत प्लॅटफॉर्म संपला. २२ जण गेले. त्या दिवशी मदत करायची इच्छा सगळ्यांचीच होती. 'या बाजूनं आज नाही' हे ठामपणे सांगायला एकच आवाज हवा होता. बचतीत वाटा ठेवलात तर तो आवाज आणखी बारीक होईल. नाही म्हणणारा सगळ्यांचा बोनस घालवतो ना.

सई, पनवेल
माझा भाऊ पोटकंत्राटदाराकडे वेल्डर आहे, म्हणून लिहिते. दादा, तुम्ही तीन बोटी मोजल्या आणि दोन वाचवल्या. मला त्या दोन बोटी हव्या आहेत. १७ मे २०२१ ला तौक्ते वादळात कामगारांच्या राहण्याचं पी-३०५ बार्ज बुडालं, त्यावर २६१ माणसं होती. सत्तरच्या वर घरी आली नाहीत. तेव्हा सगळे विचारत होते, बार्ज बंदरात आणायचं ठरवायचं कुणी? मालक एक, भाड्यानं घेणारा दुसरा, काम देणारा तिसरा. नौदल पोचलं म्हणून १८० च्या वर वाचले.

ज्याला तुम्ही फुकट उभी बोट म्हणता, ती वादळात जीव असते. आणि बचतीतला वाटा माझ्या भावापर्यंत येईल असं कुणाला खरंच वाटतं? सकाळी कामाआधीच्या सुरक्षेच्या बैठकीला, टूलबॉक्स टॉकला, त्याला मागे उभं करतात, बोलायला कुणी सांगत नाही.

उरणचा प्लॅनर
सईताई, तुमचं बरोबर आहे, मी ते धरलं नव्हतं. बचावाची बोट या हिशेबातून पूर्ण बाहेर ठेवायची, तिला हात लावायचा नाही. मी सामानाच्या बोटींबद्दल बोलतोय.

फोरमन, थांबवण्यानं गेलेला वेळ कुणाच्याच खात्यात धरायचा नाही, असं करारातच लिहिता येतं. पण तुमचंच उदाहरण पाहा. बंद पडलेली क्रेन ही दुरुस्तीवाल्याची बाब होती, बोटीचं वेळापत्रक दुसऱ्याचं. सकाळी एकाच टेबलावर दोन्ही कागद असते तर तो आवाज उठायला जागा तरी मिळाली असती. म्हणून म्हणतो, एकाच प्लॅटफॉर्मवर, एकाच शटडाऊनला करून बघू. सगळ्या कंत्राटदारांचं एक वेळापत्रक, क्रेनची एक यादी.

निविदा आणि नियम
एका शटडाऊनपुरतं असेल तर वाट आहे. अर्थखात्याच्या ऑक्टोबर २०२१ च्या सूचनांनी कामांच्या निविदेत गुणवत्तेला ३० टक्क्यांपर्यंत वजन देता येतं. सामायिक वेळापत्रक पाळण्याचा अनुभव त्यात बसवता येईल. बचत वाटण्यावर मात्र मी अजून नाहीच म्हणतो. लक्ष्य ठरवणारा तिऱ्हाईत सापडला तर पुन्हा बोलू.

डेक फोरमन
चालेल. पण क्रेनच्या यादीवर सही कुणाची? माझी असेल तर 'आज नाही' लिहायचा अधिकारही माझाच.

सई, पनवेल
आणि त्या टेबलावर पोटकंत्राटदाराचा एक माणूस पाहिजे. वेल्डरच पाहिजे, सुपरवायझर चालणार नाही.