कृष्णविवरं तारे गिळत सुटत नाहीत

धूमकेतू: कृष्णविवर म्हणजे ताऱ्यांचा काळ. जवळ येईल तो तारा गिळायचा, एवढंच त्याचं काम. आपल्या दीर्घिकेच्या, म्हणजे आकाशगंगेच्या, मध्यावरचं कृष्णविवर एक दिवस सूर्यालाही गिळणार.

निशाचर: धादांत चूक! सूर्याच्या जागी तेवढ्याच वस्तुमानाचं कृष्णविवर आलं, तरी पृथ्वी आहे त्याच कक्षेत फिरत राहील. मध्यावरचं कृष्णविवर सूर्याच्या सुमारे ४३ लाख पट जड, तरी एस२ हा तारा दर १६ वर्षांनी त्याला वळसा घालून सुखरूप परततो. खरा परिणाम ताऱ्यांच्या जन्मावर होतो. ययाती दीर्घिकासमूहात मधल्या कृष्णविवराजवळून सुसाट बाहेर पडणारे पदार्थाचे झोत भोवतालच्या वायूत प्रचंड पोकळ्या पाडतात, वायूला थंड होऊ देत नाहीत. वायू थंड होऊन आकसल्याशिवाय तारा जन्मत नाही. यावर कोणी लिहीतच नाही.

धूमकेतू: सुखरूप म्हणे! फार जवळ गेलेल्या ताऱ्यांच्या चिंधड्या झालेल्या दुर्बिणींनी टिपल्यात. ते खोटं?

निशाचर: खोटं कोण म्हणतंय? पण एका दीर्घिकेत असा प्रसंग हजारो वर्षांतून एखादा. त्यातही ताऱ्याचा साधारण निम्मा वायू बाहेर फेकला जातो. याला गिळत सुटणं म्हणतात का?

आर्द्रा: निशाचर, तुमचंही अर्धवटच. हेनाइझ २-१० या बटू, म्हणजे लहानशा, दीर्घिकेत कृष्णविवराचा झोत वायूवर आदळून तारे जन्मलेत. हबल दुर्बिणीच्या निरीक्षणांतून २०२२ साली हे पुढं आलं.

निशाचर: बरं, बटू दीर्घिकेपुरतं मान्य.

मघा: आणि खगोलभौतिकज्ञ चंद्रशेखरांचं नाव कुणालाच आठवलं नाही! १९३५ साली ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ एडिंग्टननं भर सभेत ताऱ्यांच्या शेवटाचं त्यांचं गणित हास्यास्पद ठरवलं. नोबेल मिळालं १९८३ मध्ये. संताप येतो.

आर्द्रा: त्यांची वस्तुमानाची मर्यादा श्वेत बटूंची, म्हणजे विझलेल्या ताऱ्यांच्या घट्ट गाभ्यांची आहे, सूर्याच्या सुमारे १.४ पट. इथं काय संबंध?

मघा: संबंध नाही? त्याहून जड तारा आकसत काही किलोमीटरवर येईल आणि प्रकाशही कोंडून ठेवेल, म्हणजे कृष्णविवरच, हे त्या गणितातून निघतं, असं एडिंग्टन स्वतःच बोलला. आणि निसर्ग असं होऊ देणार नाही म्हणून झटकून टाकलं! आधी वाचा, मग विचारा.

आर्द्रा: आवाज चढवू नका. तो प्रसंग मलाही माहीत आहे. पण आकाशदर्शनाला आलेली एक लहान मुलगी, सूर्य गिळला जाणार म्हणून, माझ्यासमोर रडली आहे. मला त्या वाक्याचा राग आहे.

धूमकेतू: सूर्याचं वाक्य काढतो. ‘काळ’ मात्र राहणार. चिंधड्या झालेल्या ताऱ्याला दुसरं काय म्हणू?

मघा: आणि एडिंग्टनचं? त्यावर बोला की कोणीतरी.