जुन्या ८०० चा ब्लोअर मंद: मोठी मोटर टाकावी का?

खाडीकाठ (रत्नागिरी)
२००४ ची मारुती ८०० एसी. ब्लोअर फक्त शेवटच्या नंबरवर चालतो, आणि तेव्हाही हवा जेमतेम हाताला लागते. पावसात पुढच्या काचेवरची वाफ जात नाही. गॅरेजवाला म्हणतो मोठ्या गाडीची मोटर बसवू, वायरिंग आहे तेच राहील. गणपतीच्या आधी काम उरकायचं आहे. टाकावी का?

अडीच_स्क्वेअर
थांबा. हे दोन वेगळे आजार आहेत.

खालचे नंबर चालत नाहीत म्हणजे रेझिस्टन्स (करंट अडवून स्पीड कमी करणारा भाग) गेलाय. शेवटच्या नंबरला करंट रेझिस्टन्समधून जात नाही, म्हणून तेवढा एकच उरतो. रेझिस्टन्स ब्लोअरच्या वाऱ्यातच बसवलेला असतो, कारण त्याला थंड व्हायला तोच वारा लागतो. वारा कमी झाला की तो जळतो. नुसता नवा टाकलात तर तोही जाईल.

फुल स्पीडला जोर नाही, त्यासाठी आधी मीटर लावा. इंजिन चालू, ब्लोअर फुल, मोटरचा कनेक्टर जोडलेलाच ठेवून मागच्या बाजूने मीटरच्या पिना टेकवा. कनेक्टर काढून घेतलेलं रीडिंग फसवं असतं, लोड नसताना कुजकी वायरही पूर्ण व्होल्टेज दाखवते. मग वजा बाजू वेगळी बघा: एक पिन मोटरच्या काळ्या टोकाला, दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हला.

आणखी एक: चावी ऑन, ब्लोअरचा स्विच बंद. टेस्ट लॅम्पची क्लिप बॉडीला लावा आणि टोक मोटरच्या दोन्ही वायरींना एकेक करून टेकवा. दिवा पेटला तर स्विच अर्थिंगच्या बाजूला आहे आणि जोडणी वेगळी होते.

वाशिष्ठी
मीटरच्या आधी टॉर्च. मोटर काढली की त्या भोकातून कूलिंग कॉइल दिसते का बघा. जुन्या गाड्यांत केबिन फिल्टर नसतो, त्यामुळे तांबडी माती आणि ओल मिळून पत्र्यांवर गोधडी बसते. मऊ ब्रश आणि कॉइल क्लीनर वापरा. प्रेशरचं पाणी नको, पत्रे मुडपतात. कॉस्टिकही नको, अ‍ॅल्युमिनियम खातं. कॉइल बाहेर ओढू नका, त्यासाठी आधी गॅस काढावा लागतो.

वायपरखालच्या जाळीत आंब्याची पानं अडकली असतील तर तीही काढा. तिथलं पाणी तुंबलं की थेट ब्लोअरवर येतं आणि बुश गंजतो.

हवा सुरुवातीला बरी, अर्ध्या तासाने मंद, आणि एसी दहा मिनिटं बंद ठेवल्यावर पुन्हा बरी असेल, तर कॉइलवर बर्फ धरतोय. तो थर्मोस्टॅट किंवा गॅसचा प्रश्न, मोटरचा नाही.

खाडीकाठ
कॉइल धुतली, मूठभर कचरा निघाला. थोडा फरक पडला. बॅटरीवर १३.९, मोटरवर ११.१ व्होल्ट. वजा बाजूला एकट्याने ०.९ पडतोय. स्विच बंद असताना दिवा पेटत नाही.

अडीच_स्क्वेअर
म्हणजे २.८ व्होल्ट वाटेतच गळतोय. मोटरला पाचवा हिस्सा व्होल्टेज कमी, फिरणंही जवळपास तेवढंच कमी. दहा अँपिअर धरले तरी २८ वॅट कनेक्टर आणि स्विच तापवण्यात जातात. कनेक्टरचं प्लास्टिक पिवळं पडलंय का बघा.

अर्थिंग आधी. खाऱ्या हवेत लगच्या (वायरच्या टोकाला दाबलेल्या धातूच्या कडीच्या) आत तांबं हिरवं होतं, बाहेरून कळत नाही. लग कापून नवा दाबा, बॉडीचा पत्रा पॉलिश पेपरने चकाकेपर्यंत घासा, बोल्ट आवळा आणि वरून पेट्रोलियम जेली.

मग पाच पिनांचा ४० अँपिअरचा रिले, म्हणजे फुल स्पीडचा करंट जुन्या स्विचमधून न जाता थेट बॅटरीतून येईल. पुढचे आकडे रिलेच्या पिनांचे. ३० मोटरला. ८७ बॅटरीला, अडीच स्क्वेअर मिमीच्या वायरने, बॅटरीपासून वीतभर अंतरात २० अँपिअरचा फ्यूज घालून. ८७ए ला रेझिस्टन्समधून येणारी वायर. ८६ ला स्विचची फुल स्पीडची वायर, ८५ अर्थ. फुलची वायर रेझिस्टन्सच्या जोडापासून पूर्ण सोडवा. ती मोटरला जोडलेली राहिली तर रिले स्वतःलाच करंट देत बसतो आणि स्विच बंद केला तरी ब्लोअर थांबत नाही. पत्र्यातून वायर नेताना रबरी ग्रोमेट हवाच.

मिरकरवाड्याकडे होडीच्या वायरिंगची कलई केलेली वायर मिळाली तर तीच घ्या, साध्या तांब्यापेक्षा खाऱ्या हवेत टिकते.

घाटमाथा
एवढं करूनही मोटर बदलायचीच असेल तर याच गाडीची नवी घ्या. दुकानदार 'बसेल' म्हणाला की व्हय महाराजा करू नका. शाफ्टची जाडी-लांबी, फ्लँजची भोकं आणि फिरण्याची दिशा जुळवा. पिंजरा पंखा उलटा फिरला तरी हवा त्याच तोंडातून येते, फक्त निम्म्याहून कमी वाटते, आणि माणूस मोटरला दोष देतो. मोठी मोटर जास्त करंट ओढते, म्हणजे जुना रेझिस्टन्स पुन्हा जाणार. तेव्हा कोणी मोठा फ्यूज सुचवला तर गाडी परत घेऊन या. फ्यूज वायर वाचवायला असतो.

मोटरच्या अंगाला छोटी रबरी नळी असेल तर ती विसरू नका. त्यातून मोटरला थंड हवा मिळते.

खाडीकाठ
अर्थिंग केल्यावर मोटरवर ११.९ आले. रिले रविवारी. मोटरची ऑर्डर रद्द केली.