अनुभव धागा: लहानग्याच्या हट्टापुढे आपला तोल सुटू लागतो तेव्हा

दीड ते तीन वर्षांच्या मुलाला काय हवे ते पुरते कळते, परंतु सांगायला शब्द अपुरे पडतात, आणि भावनांना आवर घालणारा मेंदूचा पुढचा भाग तर पंचविशीपर्यंत घडत राहतो. त्याची आदळआपट आपल्याला छळण्यासाठी नसते, हे मान्य करूनही आपला राग उसळतोच. अशा वेळी आपण स्वतःला कसे सावरता, ते कृपया एखाद्या प्रसंगासह लिहावे. प्रारंभ माझ्यापासून करते.

धागाकर्ती, डोंबिवली
मुलगी सव्वादोन वर्षांची आहे. तिला पाळणाघरात सोडून मला लोकल गाठायची असते आणि नेमका तेव्हाच तिला चपलेचा पट्टा स्वतः लावायचा असतो. मागच्या महिन्यात मी तो हिसकावून लावला, तिने भोकाड पसरले आणि मी इतक्या जोराने ओरडले की तिने दोन्ही कानांवर हात ठेवले. मग ज्या आवाजाने ती घाबरली होती, त्यापासून वाचण्यासाठी ती माझ्याच गुडघ्यांना येऊन बिलगली. लोकल चुकली. मी खाली बसून म्हटले, "आई ओरडली, आईचं चुकलं." त्या दिवसापासून गजर वीस मिनिटे अलीकडे आणला आहे, कारण माझा राग तिच्यावर नव्हता, उशिरावर होता. रोज जमतेच असे नाही.

एक बाबा, नाशिक
मुलगा १९ महिन्यांचा आहे. रात्री दोन वाजता, तासभर खांद्यावर घेऊनही तो झोपेना, तेव्हा माझे हात रागाने आवळले गेल्याचे जाणवले. लसीकरणाच्या वेळी डॉक्टरांनी बजावले होते की मुलाला कधीही गदागदा हलवू नये, त्याने मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. संताप अनावर झाल्यास त्याला सुरक्षित जागी ठेवून काही मिनिटे खोलीबाहेर जावे. मी त्याला कठड्याच्या पलंगात ठेवले आणि गॅलरीत जाऊन सावकाश, लांब श्वास सोडत राहिलो. तो रडत होता, पण सुरक्षित होता.

आजी, सांगली
माझ्या मुलांना मी धपाटे घातले, त्याची खंत आजही आहे. म्हणून नातू हट्टाला पेटला की सुनेला उपदेश न करता मी एवढेच म्हणते, "दे त्याला इकडे, तू चहा घे."

एक आई, बेळगाव
आजी, आमच्याकडे असे म्हणणारे कोणी नाही. यजमान फिरतीवर असतात. मी गॅस बंद करते आणि लेकाशेजारी फरशीवर नुसती बसून राहते. काल तो रडता रडता आपणहून मांडीत येऊन बसला. पोळ्या नंतर केल्या.