ताडोबाला कुत्रीला घेऊन जायचंय, कसं जमवता येईल?

तिखटमीठ: डिसेंबरात पुण्याहून गाडीने ताडोबा करायचा विचार आहे. मी, नवरा आणि आमची चकली (इंडी, म्हणजे देशी कुत्री आहे, एरवी गरीब गाय पण माकड दिसलं की संपलं). मोहर्ली गेटजवळचं एक रिसॉर्ट पेट चालेल म्हणतंय. प्रश्न सफारीचा आहे. जिप्सीत मांडीवर घेऊन बसलं तर चालतं का? पट्टा असेल, मझल घालू. घरी ठेवावं तर सासूबाईंना गुडघ्यांमुळे तिला फिरवणं जमत नाही आणि बोर्डिंगला ती कधी राहिलेली नाही. कोणी नेलंय का?

वरोऱ्याचा भाचा: ताई, जिप्सीत नाही म्हणजे नाहीच. मांडीवर नाही, बास्केटमध्ये नाही. कोअर (जंगलाचा आतला गाभा) राहो की आगरझरी-देवाडाचं बफर (त्याभोवतीचा पट्टा), सगळीकडे तेच. आणि गेटच्या पार्किंगला गाडीत ठेवून जाऊ असं डोक्यात असेल तर तेही काढून टाका. सकाळी सहाला कुडकुडायला होतं म्हणून लोकांना वाटतं चालून जाईल, पण सफारी संपेपर्यंत ऊन चढतं आणि काचा बंद असलेल्या गाडीची भट्टी होते.

उगाचच: इतका बाऊ कशाला पण? जंगलाला लागून गावं आहेत, तिथली कुत्री दिवसभर आतबाहेर करतात, त्यांना कोण परमिट विचारतं. एका लस दिलेल्या पाळीव कुत्रीने असा काय फरक पडणार

डॉक्टर_चारपायी: @उगाचच, ती गावातली कुत्री हाच तर खरा घोर आहे, त्यात आपली भर कशाला? २०१८ ला गीरमध्ये दलखाणिया भागात काही आठवड्यांत २३ सिंह गेले, तपासणीत कॅनाइन डिस्टेंपर (कुत्र्यांमधला विषाणूचा रोग) निघाला, शिवाय गोचिडांमधून पसरणारा बबेसियाही. १९९४ ला टांझानियाच्या सेरेंगेटी जंगलात याच डिस्टेंपरने सुमारे एक तृतीयांश सिंह मेले होते, तिथेही संशय आसपासच्या वस्त्यांमधल्या कुत्र्यांवरच होता. वाघालाही हा रोग होतो. लस तुमच्या कुत्रीला वाचवते, तिच्या अंगावरच्या गोचिडांना लस नसते.

तिखटमीठ, तुम्ही जाणारच असाल तर लसीचा बूस्टर निघायच्या निदान दोन-तीन आठवडे आधी द्या, आदल्या दिवशी देऊन उपयोग नाही. गोचिडाची गोळी चालू ठेवा. परत आल्यावर रोज कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यात आणि शेपटीच्या मुळाशी हात फिरवून बघा, गोचीड तिथेच दडून बसतात. ताप आला, हिरड्या पांढरट वाटल्या किंवा लघवी लालसर झाली तर रात्र काढू नका, सरळ दवाखाना गाठा.

वरोऱ्याचा भाचा: आणि रिसॉर्टचं सांगायचं राहिलं. पेट चालेल म्हणाले तरी कंपाउंड कसं आहे ते विचारा, फोटो मागवा. नुसती तारेची कुंपणं असतात बऱ्याच ठिकाणी. अंधार पडल्यावर चकलीला शू करायला एकटं सोडायचं नाही, टॉर्च आणि दोघं जण सोबत, तेही दारासमोरच. बिबट्याला कुत्रं फार आवडतं. तुमच्या बाजूला नगर जिल्ह्यात अकोले तालुक्यात बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास झाला होता, त्यात त्याच्या खाण्यातला ३९ टक्के वाटा कुत्र्यांचा निघाला, बकरीपेक्षा जास्त!

सॅनहोजेची_काकू: इथे अमेरिकेत नॅशनल पार्कला कुत्रं नेतात हे बघून बऱ्याच जणांना वाटतं भारतातच नियम कडक. तसं काही नाही हं. ग्रँड कॅनियनला साउथ रिमवरच्या वाटेने सहा फुटी पट्ट्याने चालवता येतं पण दरीत खाली उतरायला बंदी. यलोस्टोनमध्ये तर ट्रेलवर पाऊलही नाही, रस्ता आणि पार्किंगच्या आसपासच. अकेडिया त्या मानाने मोकळं, तिथे बहुतेक वाटा चालतात. आमच्या बंड्याला आम्ही तिथेच नेतो आणि यलोस्टोन त्याच्याशिवाय करतो.

तिखटमीठ: बापरे, बरं झालं विचारलं. सफारीला न्यायचं नाही हे नक्की. मग आळीपाळीने जावं का? सकाळी नवरा, दुपारी मी?

वरोऱ्याचा भाचा: जमतं की. फक्त परमिट नावावर असतं, आयडी बघतात, त्यामुळे दोन्ही सफाऱ्या ज्याच्या त्याच्या नावाने बुक करा, गेटवर अदलाबदल होत नाही. भाडं अख्ख्या जिप्सीचं द्यावं लागतं, रिसॉर्टवर अजून कोणी असेल तर जोडून घ्या, सहा जण बसतात. मंगळवारी कोअर बंद, तो दिवस प्रवासाला ठेवा. आणि मागे जो थांबेल त्याने खोलीतच थांबायचं, चकलीला घेऊन गेटकडच्या रस्त्याने फिरायला जायचं नाही, त्या रस्त्यावर दिवसाढवळ्या पण वाघ आडवा येतो.

डॉक्टर_चारपायी: नाहीतर नागपूरला बोर्डिंग बघा, तिथून मोहर्ली तीनेक तासांवर आहे. पण आधी पुण्यात एक-दोन रात्री ठेवून बघा, एकदम नवीन गावात नवीन माणसांकडे नको. जेवली का, झोपली का ते विचारा. नाही जेवली तर आळीपाळीचा प्लॅन आहेच.

तिखटमीठ: या शनिवारी ट्रायल. कोथरूड-वारज्यात घरगुती बोर्डिंग करणारं कोणी माहीत असेल तर विपू (खाजगी निरोप) करा प्लीज, पिंजरेवाले नकोत. आणि मांजर नसलेलं घर हवं 😬