अनुभव धागा: पुराचं पाणी ओसरल्यावर घर साफ करून वाळवून देणारी माणसं कशी निवडावीत? (बडोदा)

धागा सुरू करताना

ऑगस्ट २०२४ मध्ये काळाघोड्याच्या पुलाशी विश्वामित्री नदी धोक्याची २५ फुटांची खूण ओलांडून ३५ फुटांवर गेली. समा, फतेगंज, कारेलीबाग, अकोटा, मुजमहुडा इथल्या तळमजल्यांत गाळ भरला. तेव्हापासून ‘घर वाळवून देऊ’ म्हणणाऱ्यांच्या पत्रिका दर पावसाळ्यात दारात पडतात. यांतल्या कोणाला बोलवायचं, काय विचारायचं आणि कोणतं काम आपणच करायचं? ज्यांना या कामातलं कळतं त्यांनी नेमकं लिहावं, मापं आणि कारणांसकट. पाणी किती चढलं, घरी कोणाचे कसे हाल झाले ते सगळ्यांना ठाऊक आहे, त्यामुळे ते नको.

कारेलीबाग, बांधकाम

पहिला प्रश्न एवढाच विचारा: “भिंत वाळली हे तुम्ही कशावरून ठरवणार?” उत्तर “हात लावून” किंवा “चार दिवस ब्लोअर लावू” असं आलं, तर तो फक्त सफाईवाला आहे. सफाईसाठी जरूर बोलवा, वाळवण्याचे पैसे देऊ नका. वाळवणाऱ्याकडे ओल मोजायचं मीटर हवंच. तेही नुसतं टेकवून आकडा दाखवायला नको. गिलाव्यावर या मीटरचा आकडा तुलनेपुरताच खरा असतो, म्हणून आधी वरच्या मजल्यावरच्या तशाच कोरड्या भिंतीचा आकडा घ्यायचा आणि खालची भिंत त्याच्या जवळ येईपर्यंत मशीन चालवायचं. प्रत्येक भिंतीवर ६ इंच, २ फूट आणि ४ फूट उंचीवर पेन्सिलने खुणा करून रोज त्याच जागी मोजायचं आणि वहीत लिहायचं. वही नाही, तर बिल कशाचं?

पाण्याची रेघ २ फुटांवर दिसत असली तरी वीट पाणी वर ओढते. ओल रेघेच्या फूट-दोन फूट वर सापडते, कधी त्याहूनही वर. पुट्टी आणि रंग तिथपर्यंत खरवडून काढल्याशिवाय भिंतीला श्वास नाही. स्कर्टिंगच्या टाइलही काढायला सांगा, त्यांच्या मागे पाणी अडकून राहतं. नवीन स्कर्टिंगचा खर्च किरकोळ आहे, आणि ती न काढल्याने पुढे लागणारा लोणा (भिंतीवर फुटणारा खार) वर्षानुवर्षं पिच्छा सोडत नाही.

क्रम महत्त्वाचा: गाळ, मग धुणं, मग निर्जंतुक करणं, मग वाळवणं. गाळ ओला असतानाच लाकडी फळीने आणि फावड्याने ओढून घमेल्यातून बाहेर काढायचा. वाळला की तो टाइलच्या सांध्यांत सिमेंटसारखा बसतो. पाइपने गटारात ढकलायचा नाही, पुढच्या पावसात तेच गटार उलटं वाहतं. प्रेशर पंप फरशीवर चालेल, भिंतीवर नको. जोराची धार पाणी गिलाव्यात आणखी आत घालते. आणि गाळ असताना ब्लोअर लावणारा माणूस आला तर त्याला परत पाठवा, तो वाळलेली घाण घरभर उडवणार.

वाडी, वायरमन

या सगळ्याच्या आधी वीज. एमजीव्हीसीएलचा (इथल्या वीज कंपनीचा) पुरवठा बंद आहे म्हणून निर्धास्त राहू नका, इन्व्हर्टर घरात वीज सोडतच असतो. इन्व्हर्टर बंद करून बॅटरीची वायर सोडवायची, पण पाण्यात उभं राहून नाही. मेन बंद करायला पाण्यातूनच जावं लागत असेल, तर वीज कंपनीला बाहेरून पुरवठा तोडायला सांगा.

पाण्याखाली गेलेले सॉकेट, स्विच, एमसीबी (जास्त भार आला की पडणारा स्विच), आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) बदलायचे. वाळवून परत बसवायचे नाहीत. आत गाळाचा पातळ थर राहतो, ओल आली की त्यातून वीज गळते आणि तिथेच पुढे जळतं. भिंतीतली वायर मात्र सरसकट टाकायची गरज नसते. पाइपातलं पाणी काढून, उपकरणं सोडवून, प्रत्येक सर्किट ५०० व्होल्टच्या मेगरने (वायरीचं इन्सुलेशन मोजणाऱ्या यंत्राने) तपासायचं. १ मेगाओहमपेक्षा कमी दाखवलं तर ती वायर ओढून काढायची. टेस्टरचा दिवा लागतो म्हणजे सगळं ठीक, असं म्हणणाऱ्याला काम देऊ नका. नवीन आरसीसीबी ३० मिलीअँपिअरचा घ्या. साफसफाईवाल्यांची मशिनं लावायच्या आधी हे झालेलं हवं, कारण ओल्या फरशीवर एक्स्टेन्शनच्या वायरी त्यांचीच माणसं पसरतात.

फ्रिज आणि वॉशिंग मशीन “चालू करून बघू” म्हणून बघू नका. आधी उघडून, धुऊन, वाळवून मगच.

अकोटा, गृहिणी मंडळ

कारेलीबागकर काका, एक शंका. आमच्याकडे सगळे सांगतात की दारं-खिडक्या सताड उघड्या टाका, वारा खेळू द्या. तुम्ही म्हणता ती मशिनं आली की मात्र ते खिडक्या लावून घेतात. खरं काय?

कारेलीबाग, बांधकाम

ताई, दोन्ही खरं, वेळ वेगळी. धुताना आणि औषध मारताना खिडक्या उघड्याच हव्यात. पण ऑगस्टात बाहेरची हवाच दमट, पाऊस लागून राहिला की ८५-९० टक्के. तसली हवा भिंतीतली ओल घेणार कशी? म्हणून डिह्युमिडिफायर (हवेतली ओल ओढून घेणारं मशीन) चालू असताना खोली बंद. नाहीतर ते मशीन अख्ख्या बडोद्याची हवा वाळवत बसतं. खोलीत साधं आर्द्रतामापक ठेवा. आकडा ५० ते ६० टक्क्यांच्या आत येऊन टिकला पाहिजे. ऑक्टोबरची कोरडी हवा सुरू झाली की खिडक्या उघडणंच जास्त चांगलं, तेव्हा भाड्याचं मशीन परत करा.

डिह्युमिडिफायरवर लिहिलेलं ‘दिवसाला ५० लिटर’ हे बहुधा ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रतेचं असतं. खोली कोरडी होत जाते तसं ते कमी पाणी काढतं आणि तेच व्हायला हवं. रोजचं पाणी मोजून वहीत लिहा. एक चूक जवळजवळ प्रत्येक घरात होते: टाकी भरली की मशीन आपोआप बंद पडतं आणि रात्रभर बंदच राहतं. त्याची नळी थेट बाथरूमच्या जाळीत सोडायला लावा. ब्लोअर भिंतीच्या तोंडावर सरळ नको. जमिनीलगत, भिंतीला तिरपा ठेवून हवा भिंतीवरून सरकत गेली पाहिजे. साधारण १२-१४ फूट भिंतीला एक.

मांजलपूर, सुतारकाम

पार्टिकल बोर्ड आणि एमडीएफ पाण्यात बुडालं की संपलं. फुगलेलं परत बसत नाही, आणि त्यावरची सनमायका शाबूत दिसते म्हणून लोक फसतात. किचनच्या ट्रॉल्यांचे सांगाडे बहुतेक याचेच असतात. प्लायवूड बघायचं तर शिक्का बघा: आयएस ७१० चं बीडब्ल्यूपी (उकळत्या पाण्यातही टिकणारं) असेल तर धुऊन सावलीत वाळवल्यावर वापरता येतं. आयएस ३०३ चं एमआर (फक्त दमटपणा सोसणारं) असेल तर थर सुटतात. सागवान टिकतं. पण कोणतंही ओलं लाकूड कडक उन्हात टाकू नका, एक बाजू आधी वाळते आणि दार पिळतं. लाकडात ओल १५ टक्क्यांच्या खाली आल्याशिवाय पॉलिश नको.

दोन जागा हमखास विसरल्या जातात. किचन ओट्याखालची पट्टी काढली की मागे वीतभर गाळ निघतो. आणि भिंतीला ठोकलेल्या कपाटाची मागची फळी. ती काढलीच पाहिजे, नाहीतर घर वाळतं पण कपाटामागची भिंत ओली राहते आणि दिवाळीला कपड्यांना बुरशीचा वास येतो.

समा, सार्वजनिक आरोग्य

पुराच्या पाण्यात ड्रेनेज मिसळलेलं असतं, त्यामुळे ते घाणीचंच पाणी समजून काम करायचं. गाद्या, उशा, गालिचे टाकून द्या. कापूस पिंजून परत भरू नका. पायाला जखम असेल तर गाळात उतरू नका. गमबूट आणि रबरी हातमोजे कामगारांनाही द्यायला लावा, लेप्टोस्पायरोसिस (उंदरांच्या मुताने दूषित पाण्यातून होणारा ताप) त्यांनाही होतो. ताप आला तर डॉक्टरांना ‘पुराच्या पाण्यात काम केलंय’ हे आपणहून सांगा.

ब्लीचिंग पावडर गाळावर भुरभुरवून काही होत नाही. घाण असली की क्लोरीन घाणीतच खर्ची पडतो. आधी साबणाने धुवा, मग ३३ टक्क्यांची ताजी पावडर लिटरला १५ ग्रॅम या प्रमाणात कालवून, निवळी फरशीवर १० मिनिटं राहू द्या आणि पुसा. उघडं राहिलेलं जुनं पोतं कामाचं नाही. संडास साफ करायच्या ॲसिडबरोबर ही पावडर कधीच मिसळू नका, विषारी वायू निघतो. सफाईवाले घाईत नेमकं हेच करतात.

जमिनीखालची टाकी पूर्ण उपसून घासायची, भरायची, १००० लिटरला १५० ग्रॅम पावडर घालायची, सगळे नळ क्लोरीनचा वास येईपर्यंत सोडून बंद करायचे, रात्रभर ठेवून ते पाणी काढून टाकायचं. मग पिण्याचं पाणी भरायचं.

अंधाऱ्या कोपऱ्यात हात घालण्याआधी काठी फिरवा. साप असतात, आणि विश्वामित्रीकाठच्या सोसायट्यांत मगरीचं पिल्लूही निघतं. त्याला हात न लावता दार ओढून वनखात्याला कळवा.

सयाजीगंज, सोसायटी व्यवस्थापन

तळघर असलेल्यांनी एक लक्षात ठेवा: बाहेरची जमीन पाण्याने भरलेली असताना तळघर एका दमात उपसू नका. आतला पाण्याचा दाब गेला की बाहेरचा दाब भिंतीला आत ढकलतो. एक तृतीयांश उपसून थांबा, रेघ आखा, दुसऱ्या दिवशी पाणी परत चढलंय का ते बघा, मग पुढचं. डिझेल पंप किंवा जनरेटर तळघरात उतरवू देऊ नका, त्याचा धूर जीव घेतो. लिफ्टचा खड्डा कोरडा होऊन लिफ्ट कंपनीने बघितल्याशिवाय लिफ्ट चालू नाही. पाइपच्या गॅसचं रेग्युलेटर बुडलं असेल तर गॅस कंपनीच्या माणसाकडूनच तपासून घ्यायचं.

दांडियाबाजार, जुने वाडे

वाड्यांचं वेगळं आहे. इथे भिंती विटांच्या आणि गिलावा चुन्याचा. चुना ओल आत घेतो आणि बाहेरही सोडतो, फक्त त्याला वेळ द्यावा लागतो. यावर सिमेंटचा गिलावा किंवा वॉटरप्रूफिंगचा थर मारून देणारा ठेकेदार भिंतीचं नुकसान करतो: ओल आत कोंडते, वर सरकते आणि सागवानी तुळईच्या भिंतीत गेलेल्या टोकाशी पोचते. तिथे कूज धरली की बाहेरून दिसत नाही. सुटलेला गिलावा चुन्यानेच भरा, एक हिवाळा जाऊ द्या, मग रंग, तोही चुन्याचा. गरम हवेची मशिनं इथे नकोत. एकदम वाळवलं तर जुनं लाकूड तडकतं.

जुनी कागदपत्रं आणि फोटो भिजले असतील तर चिकटलेली पानं ओढून सोडवू नका. स्वच्छ पाण्यात हलकेच बुचकळून प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवा. गोठलेलं सडत नाही, सवडीने एकेक पान सोडवता येतं. पैठण्या एकीवर एक ठेवू नका, काठांचा रंग लागतो.

रावपुरा, विमा

२०२१ च्या १ एप्रिलपासून ‘भारत गृह रक्षा’ ही ठरलेल्या नमुन्याची घराची पॉलिसी सगळ्या साधारण विमा कंपन्यांकडे मिळते, आणि पूर त्यात धरलेला आहे. घराचा विमा असेल तर सामानाला घराच्या रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाख, आपोआप मिळतात. राडारोडा हलवण्याचा खर्चही दाव्याच्या २ टक्क्यांपर्यंत मिळतो, तो मागायचा असतो आणि लोक मागत नाहीत.

गाळ काढायच्या आधी प्रत्येक भिंतीवरची पाण्याची रेघ टेप धरून फोटोत घ्या. फ्रिज, टीव्ही, मोटर यांच्या मागच्या पट्टीवरचा क्रमांकही. कंपनीला आधी कळवा आणि सफाई थांबवू नका, पण टाकायच्या वस्तू सर्व्हेअर (विमा कंपनीचा नुकसान तपासणारा माणूस) येईपर्यंत आवारात ठेवा. गादीसारखी घाण वस्तू ठेवणं शक्य नसेल तर फोटो काढून, तिचा एक तुकडा कापून ठेवून टाका.

सफाईवाल्याचं बिल ‘घर साफसफाई, ठोक रक्कम’ असं आलं तर सर्व्हेअर ते कापतो. गाळ काढणं, निर्जंतुक करणं, वाळवणं अशा वेगळ्या ओळी, मशिनं किती आणि किती दिवस, सोबत रोजच्या मोजमापांची वही, आणि जीएसटीचं बिल.

कारेलीबाग, बांधकाम

रावपुरावाल्यांनी लिहिलं तेच दर ठरवतानाही लागू करा. गाळ काढण्याचा दर चौरस फुटावर ठरवा, वाळवण्याचा दर मशीन आणि दिवसावर. वाळवणं चौरस फुटाच्या ठोक दराने दिलं की ठेकेदार मशीन लवकर उचलतो. नुसतं दिवसावर दिलं की उचलतच नाही. म्हणून कराराच्या कागदावर लिहा: भिंतीचा आकडा कोरड्या भिंतीच्या जवळ येऊन सलग दोन दिवस तिथेच राहिला की काम पूर्ण, आणि शेवटचा एक तृतीयांश पैसा त्यानंतर.

रंगाची घाई करू नका. रंगाआधी दीड फूट बाय दीड फूट प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी टेपने भिंतीवर घट्ट चिकटवा आणि दुसऱ्या दिवशी बघा. आत थेंब धरले किंवा भिंत काळपट दिसली तर अजून थांबा. फरशीवरही हीच तपासणी करा. टाइल ठोकून पोकळ आवाज येत असेल तर तिच्याखाली पाणी असू शकतं, ती एक उचलून बघायला सांगा. आणि दारांच्या कोपऱ्यातून तिरप्या चिरा नव्याने दिसू लागल्या, तर त्या पुट्टीने भरू देऊ नका. पायाखालची काळी माती पाणी पिऊन फुगते आणि वाळताना आकसते. चिरेवर पेन्सिलने तारीख घाला, दोन्ही टोकांना खूण करा, आणि ती वाढत राहिली तर सफाईवाल्याला नाही, स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा.